थेट कातोवित्से

गाडीला गावाच्या नावानं हाक मारायची सवय मला कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडनं लावली. "गगनबावडा लागली का?" "राधानगरी गेली काय हो?" असं विचारलं की कंट्रोलरच्या खिडकीतून बरोबर उत्तर यायचं. तिथं गावंच यायची, जायची आणि फलाटाला लागायची. डॉन्कास्टरला राहायला आल्यावर हीच सवय मी विमानांना लावली. मागच्या अंगणात धुणं वाळत घालताना डोक्यावरून गुलाबी-जांभळ्या शेपटीचं विमान उतरत गेलं, की वेळ बघायची आणि आत ओरडून सांगायचं, "कातोवित्से आली!" कातोवित्से हे पोलंडमधलं शहर. तिकडचीच ग्दान्स्क होती, आणखीही गाड्या होत्या. पण माझी गाडी कातोवित्से, कारण त्या गाडीनं माझी मैत्रीण माहेरी जायची.

डॉन्कास्टर हे इंग्लंडातल्या दक्षिण यॉर्कशायरमधलं कोळशाचं आणि रेल्वेचं गाव. १९३८ साली वाफेच्या इंजिनांचा वेगाचा विक्रम करणारं 'मॅलार्ड' इथल्याच कारखान्यात तयार झालं. भोवताली खाणी होत्या, त्या एकेक करत बंद पडल्या. त्यातली हॅटफील्डची २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हा मी इथं येऊन दोन वर्षं झाली होती. विमानतळ गावाबाहेर, फिनिंग्लीला. मुळात तो हवाई दलाचा तळ. शीतयुद्धाच्या दिवसांत तिथं अण्वस्त्रं वाहून नेणाऱ्या व्हल्कन विमानांचा राबता होता, म्हणून धावपट्टी जवळजवळ २९०० मीटरची, एखाद्या मोठ्या शहराला शोभेल अशी. तळ गेला, धावपट्टी राहिली, आणि २८ एप्रिल २००५ रोजी तिथं नागरी विमानतळ सुरू झाला. नाव दिलं रॉबिन हूडचं.

विमानतळ म्हणून तो फारच आटोपशीर होता. गाडी लावली की दोन मिनिटांत दार, दारातून आत गेलं की समोर सगळं दिसतंय: रांग, तपासणी, कॉफीची टपरी, आणि काचेपलीकडे उभं विमान. तपासणीला उभी असणारी बाई आमच्या हॉस्पिटलमध्ये गुडघ्याचा एक्स-रे काढायला येऊन गेलेली असायची. गुडघा कसा आहे म्हणून मी विचारायचे, ती माझ्या ट्रेमधली पाण्याची बाटली बाजूला काढून ठेवायची.

मी रेडिओग्राफर आहे. मैत्रीण आमच्याच विभागात मदतनीस होती, आजही आहे. ती बितोमची. बितोम म्हणजे पोलंडच्या दक्षिणेला, वरच्या सिलेशियातलं, कातोवित्सेजवळच असलेलं गाव. कोळसा, शिसं, जस्त यांवर वाढलेलं. खाली इतकं खणलंय की वर घरं खचतात. तिच्या आईच्या स्वयंपाकघरात लाडू ठेवला तर तो आपणहून खिडकीकडे गडगडत जाईल, असं तिनंच मला दिवाळीत, हातात लाडू धरून सांगितलं होतं. ती २००६ साली आली, तिचा मामा तिच्याआधी.

मामाची गोष्ट सांगायला हवी, कारण हा हवाई मार्ग जन्मला तो त्याच्यासारख्या लोकांमुळे. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात आला. जुन्या सदस्य देशांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच पहिल्या दिवसापासून नव्यांना कामाची दारं उघडी ठेवली. बाकीच्यांनी थांबा म्हटलं. ब्रिटिश सरकारसाठी अभ्यासकांनी अंदाज काढला होता, वर्षाला ५ ते १३ हजार माणसं येतील. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलिश ही आपली मुख्य भाषा म्हणून सांगणारे निघाले ५ लाख ४६ हजार. इंग्रजी आणि वेल्श सोडली तर दुसऱ्या कुठल्याच भाषेचे इतके लोक नव्हते. मामा पहिल्याच महिन्यात आला, तो बसनं. बितोमहून जर्मनी, बेल्जियम, समुद्राखालचा बोगदा, लंडन, आणि तिथून बस बदलून वर. तीस तासांवर प्रवास, पाय सुजलेले, पिशवीत आईनं दिलेली उकडलेली अंडी. नंतर कित्येक वर्षं तो उकडलेलं अंडं खात नव्हता.

त्याच महिन्यात, १९ मे २००४ ला, विझ एअर नावाच्या नव्या कंपनीचं पहिलंवहिलं विमान उडालं. कुठून? कातोवित्सेहून, लंडनजवळच्या लूटनला. वॉर्सा सोडून कातोवित्से, हीथ्रो सोडून लूटन. राजधान्यांना जोडणारी विमानं आधीपासून होतीच. पण बितोमच्या माणसाला आधी वॉर्साला जायचं नव्हतं आणि डॉन्कास्टरच्या गोदामात काम करणाऱ्याला लंडन ओलांडून यायचं नव्हतं. ज्यांना जायचं होतं ते इथं राहत होते आणि ज्यांच्याकडे जायचं होतं ते तिथं. या सरळ गोष्टीवर धंदा उभा राहिला. लहान विमानतळ शुल्क कमी घेतो, गर्दी नसल्यानं विमान अर्ध्या तासात रिकामं होऊन पुन्हा भरतं, आणि १८० आसनांपैकी बहुतेकांवर आईला, बहिणीला, मुलांना भेटायला निघालेली माणसं असतात. सहलीला जाणारा माणूस पावसाळी हवा बघून बेत बदलतो, आजीला भेटायला जाणारा बदलत नाही. त्याच हिशोबानं पुढे डॉन्कास्टर-कातोवित्से सुरू झाली. साधारण १४०० किलोमीटर, अडीच तासांच्या आत-बाहेर.

मराठीत निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं. गावाला निघालं तर 'जाऊन येते'. डॉन्कास्टरला आल्यापासून माझ्या तोंडून हे क्रियापद हळूहळू गळून गेलं. कोल्हापूरला मी जाऊन येत नाही, कोल्हापूरला मी जाते. दोन वर्षांतून एकदा, वर्षभर रजा साठवून, तीन सूटकेस भरून. इथून लंडन, लंडनहून मुंबई, मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस. दारातून निघून दारात पोचायला दीड दिवस. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हते, भावाच्या घराच्या वास्तुशांतीला नव्हते. त्या कार्यांना नसण्याचं मला कारण होतं आणि सगळ्यांना ते पटतही होतं. पण ज्याला कार्य म्हणत नाहीत अशा गोष्टींना मी कधीच नव्हते. आईनं माळ्यावरची भांडी खाली काढली त्या दिवशी नव्हते. बाबांना पेन्शनच्या कागदावर सही कुठं करायची ते समजेना त्या दिवशी नव्हते.

आणि ही माझी मैत्रीण शुक्रवारची पाळी संपवून, गणवेश बदलून, पाठीवर एक सॅक टाकून निघायची. "जाऊन येते," असं मी तिला मराठीत शिकवलं होतं, ते तिच्या उच्चारात म्हणायची. सोमवारी सकाळी पुन्हा माझ्या शेजारी. या दोन दिवसांत काय केलंस विचारलं तर उत्तरं अशी: दाताचं दाखवून आले. आजीचे पडदे धुतले. मामाच्या मळ्यातले बटाटे काढले. (तिकडे खाणकामगारांना गावाबाहेर भाजीपाल्यासाठी लहान लहान वाफे मिळायचे. प्रत्येकावर एक खोपटं आणि चार सफरचंदाची झाडं. तिचा मळा म्हणजे तो.) चौदाशे किलोमीटरवरच्या घरातली ती रोजच्या कामाची मुलगी होती. पाहुणी नव्हती. तिच्यासाठी कुणी ठेवणीतल्या बशा काढत नव्हतं, उलट ती आली की कचऱ्याचा डबा खाली नेऊन ठेवायला सांगायचे. मला तिचा हेवा वाटायचा. तिकिटाच्या पैशांचा नव्हे, त्या कचऱ्याच्या डब्याचा.

ती येताना एक बरणी आणायची. झाक्वास, म्हणजे राईचं (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) पीठ पाण्यात भिजवून, लसूण घालून आंबवलेलं पांढरट, आंबट पाणी. त्याचं झुरेक नावाचं सार करतात, ईस्टरला तर हवंच. पहिल्यांदा तिनं बरणीचं झाकण काढलं आणि माझ्या नाकाला एकदम जोगवा आठवला, मार्गशीर्षातली यल्लम्माची जत्रा, वरणं-वांगं आणि आंबील. नाचणीची आणि राईची जात वेगळी, पण आंबण्याची जात एकच. तिनं सांगितलं, सगळं संपवायचं नाही, तळाशी थोडं ठेवायचं आणि त्यात नवं पीठ-पाणी घालायचं. मी म्हटलं, हे मला सांगायला नको, आमच्याकडे विरजण असतं. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हेही आमच्याकडे असतं. म्हणून तिच्या बरणीतून मी कांदा-लसणीची चटणी भरून पाठवली. ती बरणी बितोमला गेली, तिथून झाक्वास घेऊन आली, परत चटणी घेऊन गेली. अशी पाच-सहा वर्षं.

२०१८ च्या डिसेंबरात मी एकदा तिच्याबरोबर गेले. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे शेंगेन व्हिसा. त्याला तीन आठवडे आणि प्रवासाला अडीच तास. विमानात बहुतेक सगळे पोलिश, आणि एकमेकांना ओळखत नसूनही ओळखणारे. एका बाईनं दुसरीचं बाळ मांडीवर घेतलं, दुसरीनं पहिलीचा कोट. उतरल्यावर टाळ्या वाजल्या. कोल्हापूरच्या माणसाला टाळ्यांचं नवल वाटलं नाही. आमच्या उजळाईवाडीच्या धावपट्टीवर चाकं टेकली की आमचीही माणसं 'अंबाबाईच्या नावानं चांगभलं' म्हणतात.

कातोवित्सेचा विमानतळ गावापासून तीसेक किलोमीटरवर, पिझोवित्से नावाच्या खेड्यात, बर्च आणि पाइनच्या जंगलात. हाही लष्करी धावपट्टीवर वाढलेला. मैत्रिणीचे वडील न्यायला आले होते. ते खाणीतून निवृत्त झालेले. पोलंडमध्ये खाणकामगार एकमेकांना 'श्चेंश्च बोजे' म्हणतात, देव भलं करो अशा अर्थाचं. मला त्यांनी तसंच म्हणून हात मिळवला. डॉन्कास्टर म्हणजे खाणींचं गाव, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. वाटेत विचारत राहिले, तुमच्याकडे सध्या किती चालू आहेत? एकही नाही, असं मैत्रिणीनं सांगितल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही मुद्दाम ४ डिसेंबर गाठला होता. त्या दिवशी संत बार्बराचा सण, बारबुरका. बार्बरा ही खाणकामगारांची देवी म्हणा, रक्षणकर्ती. कातोवित्सेत निकिशोवियेत्स नावाची विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली खाणकामगारांची वस्ती आहे, लाल विटांची, खिडक्यांच्या चौकटी आतून लाल रंगवलेल्या, मधोमध चौक. पहाटे, अजून अंधार असताना, वाजंत्री पथक गल्ल्यांतून वाजवत निघालं. काळे गणवेश, डोक्यावर उंच टोप्या आणि त्यांवर पिसांचे तुरे, वाजवणाऱ्यांचे लाल, खाणकामगारांचे काळे. वरच्या मजल्यांच्या खिडक्या एकेक करत उजळत गेल्या. थंडी उणे काहीतरी होती आणि पितळी भोंग्यांतून वाफ निघत होती.

आणि त्याच आठवड्यात, त्याच शहरात, संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरली होती. जगभरचे प्रतिनिधी कोळसा कसा थांबवायचा यावर बोलायला कोळशाच्या राजधानीत आले होते. यजमानांच्या एका दालनात शोभेला चक्क कोळसा मांडला होता, त्यावर टीकाही झाली. मैत्रिणीच्या वडिलांना मी भीत भीत विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, बंद करायचं तर करा, पण माझ्या मुलीला त्यासाठी इंग्लंडला जावं लागलं हे कुठंतरी लिहून ठेवा. मीही त्यांच्या घरी विमानानंच गेले होते. त्या अडीच तासांचा धूर माझ्या नावावर आहे हे मला माहीत आहे. मी त्या प्रश्नाला बगल देत नाही. मौजेखातर उडणं मी कमी केलं आहे, करायलाच हवं. पण आजीचे पडदे धुवायला जाणं हे मौजेच्या खात्यात कसं मांडायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

आजी तेव्हा पंच्याऐंशीची होती. पोलिशमध्ये आजीला बाब्चा म्हणतात. ती मूळची सिलेशियाची नव्हे, पूर्वेकडची, ल्वुवजवळच्या खेड्यातली, जे गाव आज युक्रेनमध्ये आहे. महायुद्ध संपलं तेव्हा देशाची सीमाच पश्चिमेला सरकली. १९४५ साली बारा वर्षांची ही मुलगी आईबरोबर, एका गाईबरोबर, मालगाडीच्या उघड्या डब्यातून कित्येक दिवस प्रवास करत बितोमला आली. जर्मन कुटुंब सोडून गेलेल्या घरात त्यांना जागा मिळाली. चुलीवर त्यांचं पातेलं तसंच होतं, असं ती म्हणाली. बितोम, ग्लिवित्से, व्रोत्सवाफ ही गावं अशा माणसांनी भरली.

मी कोल्हापूरची, हे मैत्रिणीनं तिला सांगितलं. कोल्हापूर तिला काय ठाऊक असणार. मग मी वळिवड्याबद्दल सांगायला लागले आणि मैत्रीण भाषांतर करता करता स्वतःच थांबून ऐकू लागली, कारण हे मी तिलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

आमच्या कोल्हापूरच्या माणसाला गांधीनगर म्हटलं की कापडाचा घाऊक बाजार आठवतो. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित वसले. पण ज्या बराकींत ते वसले, त्या त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. १९४३ ते १९४८ या काळात तिथं, वळिवडे गावाशेजारी, सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाखस्तानात नेलं होतं. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, पुरुष जनरल आन्डर्सच्या पोलिश सैन्यात गेले, आणि बायका-मुलं इराणमार्गे जिथं जागा मिळेल तिथं. त्यातली पाच हजार आमच्याकडे. वळिवड्यात त्यांनी शाळा काढल्या, प्रार्थनामंदिर उभारलं, नाटकं केली, मुलं पंचगंगेत पोहायला शिकली. माझ्या आजोबांना शाळेत जाताना सायकलवरच्या गोऱ्या पोरी दिसायच्या. त्यांची घरं सोव्हिएत हद्दीत गेल्यामुळे युद्धानंतर परतायला जागा नव्हती. आन्डर्सचं सैन्य ब्रिटनमध्ये स्थिरावलं, तसे १९४७-४८ मध्ये वळिवड्याचे बरेच जण मुंबईहून बोटीनं इंग्लंडला आले. आधी लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत, मग गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या गावांत. युद्धातून आलेले पोलिश पुरुष यॉर्कशायरच्या खाणींतही उतरले.

म्हणजे कोल्हापूरहून इंग्लंडला येण्याची वाट माझ्या पासष्ट वर्षं आधी पोलिश बायका-मुलांनी तुडवली होती. हे मी आजीसमोर बोलता बोलता पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या वर्गातली एक मुलगी फेब्रुवारीतल्या एका रात्रीत घरच्यांसकट नेली होती, पुन्हा दिसली नाही. ती मुलगी वळिवड्याला होती का, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "तिथं थंडी असते का?"

मी म्हटलं, नाही. पाऊस असतो, खूप, पण थंडी नाही.

"मग बरं झालं," आजी म्हणाली, आणि माझ्या ताटलीत आणखी दोन गोळे वाढले. सिलेशियन क्लुस्की, बटाट्याचे, मधे अंगठ्यानं खळगा पाडलेले, रस्सा त्यात थांबावा म्हणून.

त्या विमानाचं असं आहे की ते कधी बातमीत नसायचं. २०१६ च्या जूनमध्ये युरोपीय संघ सोडायचा की नाही यावर मतदान झालं, तेव्हा डॉन्कास्टरच्या १०० पैकी ६९ जणांनी सोडायचा म्हणून मत दिलं. दुसऱ्या दिवशी मैत्रीण कामावर आली, नेहमीसारखा पेशंटचा हात धरून त्याला टेबलावर चढवला. पेशंट म्हणाला, तुला नाही हं, तुझ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. असं तिला त्या आठवड्यात पुष्कळांनी सांगितलं. पण विमान उडत राहिलं. मग स्थायिक दर्जासाठी अर्ज, त्याची ३० जून २०२१ ची मुदत. १ ऑक्टोबर २०२१ पासून पाहुण्यांना साध्या ओळखपत्रावर ब्रिटनमध्ये येणं बंद झालं आणि तिच्या आईला वयाच्या पासष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढावा लागला. मधे कोविड. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, आता बंद होणार. प्रत्येक वेळी वेळापत्रकात कातोवित्से दिसायची. काही काळ तर एक विमान डॉन्कास्टरला रात्री राहायचंसुद्धा, आमच्याकडच्या मुक्कामी एसटीसारखं. पहाटे उठून पहिली फेरी तेच करायचं.

२०२२ च्या जूनमध्ये विमान कंपनीनं इथला मुक्काम हलवत असल्याचं जाहीर केलं. जुलैत विमानतळाच्या मालकांनी भवितव्याचा आढावा घेणार असं सांगितलं, २६ सप्टेंबरला बंद करणार असं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं प्रवासी विमान उतरलं. लहान विमानतळाचं दुखणं मला तेव्हा समजलं. दिवसात दोन विमानं येवोत की वीस, आगीचा बंब आणि त्यावरची माणसं ठेवावीच लागतात, मनोऱ्यात माणूस बसवावाच लागतो, धावपट्टीवरचे दिवे लावावेच लागतात. २०१९ मध्ये डॉन्कास्टरहून वर्षाला १४ लाखांच्या आसपास प्रवासी जात-येत होते, कातोवित्सेहून ४८ लाख. मोठ्याच्या घरातलं एक भाडेकरू गेलं तर खोली रिकामी राहते, लहानाच्या घरातलं गेलं तर चूल थंड होते. ज्या महिन्यात डॉन्कास्टरला 'सिटी' हा दर्जा अधिकृतपणे मिळाला, त्याच महिन्यात विमानतळ गेला. लोकांनी सह्या गोळा केल्या, मीही केली. तपासणीला असणारी ती गुडघ्यांची बाई सुपरमार्केटमध्ये लागली.

अंगणात आता शांतता असते. खरं सांगायचं तर शेजारचे म्हातारे गृहस्थ खूश आहेत, उन्हाळ्यात चंडोल ऐकू येतो म्हणतात. येतोही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये नगरपरिषदेनं जागा १२५ वर्षांच्या करारानं भाड्यानं घेतली, विमानतळ पुन्हा सुरू करायचं ठरवलं आहे. गावात त्यावर रोज बोलणं होतं, चहाच्या वेळी, न्हाव्याकडे, एक्स-रेच्या टेबलावर पडल्या पडल्यासुद्धा.

मैत्रीण अजूनही जाते. दुसऱ्या विमानतळावरून. इथून गाडीनं किंवा दोन ट्रेन बदलून, आदल्या रात्री निघून, तिकडचं पार्किंग धरून. एकूण वेळ मोजला तर चार-पाच तासांचाच फरक पडतो. पण शुक्रवारची पाळी संपवून निघता येत नाही आणि सोमवारी सकाळी शेजारी उभं राहता येत नाही. वर्षातून सहा-सात वेळा जायची, आता दोनदा जाते. आता तिलाही रजा साठवावी लागते. सूटकेस मोठी झाली आहे. गेल्या वेळी गेली तेव्हा आईनं कपाटातल्या ठेवणीतल्या बशा काढल्या होत्या, असं तिनं मला परत आल्यावर सांगितलं, आणि मग बराच वेळ आम्ही दोघी फिल्म धुवायच्या जुन्या खोलीत, जिथं आता फक्त खोकी असतात, तिथं चहा पीत उभ्या राहिलो.

झाक्वास मी तिच्या बरणीतूनच माझ्या फ्रीजमध्ये वेगळं ठेवलं होतं. आठवड्याला एक चमचा राईचं पीठ घालायचं की जिवंत राहतं. गेल्या हिवाळ्यात मी कोल्हापूरला गेले, पाच आठवडे. नवऱ्याला सांगून गेले होते, पण तो विसरला. आले तेव्हा बरणीत वर हिरवी बुरशी. मैत्रिणीला सांगायला मला लाज वाटली. सांगितलं तर तिचंही त्याच्या आधीच गेलं होतं, तिनं मला सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती ईस्टरला जाते आहे. काल पाळी संपल्यावर बरणी मागायला घरी आली. मी घासून, उन्हात वाळवून ठेवली होती. चटणी अजून कुटायची आहे, मिरची कोल्हापूरहून आणलेली आहे. सुकं खोबरं संपलं होतं, ते आज आणलं.